घरची शाळा, घरूनच नोकरी आणि दारात सोशल वर्कर
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही ९ वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहतो. मी एका कंपनीच्या हिशेब विभागात आठवड्याला ३० तास काम करते. बहुतेक काम घरूनच असते, फक्त मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी ऑफिसात जावे लागते. माझे पती गोदामात सकाळी ६ ते दुपारी २ या पाळीला असतात. मुलगा ११ वर्षांचा आहे, मुलगी ८ वर्षांची. शाळेत इतर मुलांकडून होणाऱ्या छळामुळे मुलगा रोज सकाळी उलट्या करू लागला, त्याचे निम्मे दिवस बुडू लागले, आणि अखेर आम्ही दोघांचीही नावे शाळेतून काढून त्यांना घरीच शिकवू लागलो. मुलगा आता हसतो, जेवतो, पुस्तके वाचतो. परंतु मुले दुपारी घरात एकटी असतात, असे कोणीतरी कौन्सिलला (स्थानिक प्रशासनाला) कळवले. सोशल वर्कर आल्या तेव्हा मी बंद खोलीत मीटिंगमध्ये होते, दार मुलीने उघडले, आणि मी घाबरून त्यांना ‘नंतर या’ म्हणून परत पाठवले. आता ‘चाइल्ड इन नीड’ (मदतीची गरज असलेले मूल) म्हणून असेसमेंट, म्हणजे पाहणी, सुरू आहे, आणि त्याच आठवड्यात शिक्षणाचा अहवाल मागणारे कौन्सिलचे दुसरे पत्र आले. पती म्हणतात, कायद्याने बंधन नसेल तर कोणालाही काही सांगू नकोस. खरे सांगायचे तर मंगळवारी आणि गुरुवारी मी साडेबाराला निघते आणि हे पावणेतीनला पोहोचतात, तेवढा वेळ मुले दोघेच असतात. मी नोकरी सोडावी का? मुलांना पुन्हा शाळेत घालावे का? आणि ते मुलांना घेऊन तर जाणार नाहीत ना?
— नाव व गाव प्रसिद्ध न करण्याची विनंती

उत्तर : आपल्या दारात एकाच आठवड्यात दोन वेगवेगळे प्रश्न आले आणि भीतीपोटी आपण त्यांची एकच मोट बांधली आहे. शिक्षण अधिकारी विचारत आहेत की मुलांना योग्य शिक्षण मिळते का. सोशल वर्कर विचारत आहेत की मुले सुरक्षित आहेत का आणि त्यांना कशाची उणीव भासते का. पहिला प्रश्न १९९६ च्या एज्युकेशन ॲक्टमधून येतो, दुसरा १९८९ च्या चिल्ड्रेन ॲक्टमधून. सोशल वर्करना आपण मुलाच्या अपूर्णांकांची प्रगती अर्धा तास सांगितलीत तरी त्यांच्या वहीतला ‘दुपारी घरात मोठे माणूस कोण असते’ हा रकाना रिकामाच राहील. म्हणून दोन्ही उत्तरे वेगळी लिहावीत. मात्र ती एकमेकांशी जुळणारी असावीत, कारण दोन्ही कागद एकाच कौन्सिलमध्ये जाणार आहेत आणि एकमेकांशेजारी ठेवून वाचले जाऊ शकतात.

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्याची धास्ती मनात असताना बाकीचे काही वाचले जाणार नाही. आपले असेसमेंट चिल्ड्रेन ॲक्टच्या कलम १७ खाली आहे. मुलाला मदतीची गरज आहे का, हे त्यात पाहिले जाते, ते पालकांच्या संमतीने चालते आणि साधारणपणे कामाच्या ४५ दिवसांच्या आत पूर्ण व्हावे असा दंडक आहे. मुलाला गंभीर इजा होत असल्याचा किंवा होण्याचा वाजवी संशय असेल तर कलम ४७ ची चौकशी होते आणि तिला पालकांची संमती लागत नाही. त्यातून आवश्यक वाटल्यास चाइल्ड प्रोटेक्शन कॉन्फरन्स (मुलाच्या संरक्षणासाठीची बैठक) बोलावली जाते, तीही ज्या बैठकीत चौकशीचा निर्णय झाला त्या बैठकीपासून कामाच्या १५ दिवसांत. मूल घरातून हलवण्याचा अधिकार सोशल वर्करला स्वतःच्या सहीने नसतो. त्यासाठी पालकांची संमती किंवा न्यायालयाचा आदेश लागतो, आणि तातडीच्या प्रसंगी पोलिसांना जास्तीत जास्त ७२ तासांचा अधिकार असतो. प्रकरण न्यायालयाच्या उंबरठ्यावर आलेच, तर कौन्सिलला आधी तसे लेखी पत्र बहुधा द्यावे लागते, आणि ते पत्र हाती आलेल्या पालकांना उत्पन्न कितीही असले तरी वकिलाचा मोफत सल्ला मिळतो. आपण या जिन्याच्या पहिल्या पायरीवर आहात.

आता आपल्या पतींच्या म्हणण्याकडे येतो. ते अर्धे बरोबर आहेत. एज्युकेशन ॲक्टच्या ७ व्या कलमानुसार मुलाला त्याचे वय, क्षमता, कल आणि विशेष गरजा यांना साजेसे, परिणामकारक आणि पूर्णवेळ शिक्षण देण्याची जबाबदारी पालकांची आहे, आणि ते ‘शाळेत नियमित पाठवून किंवा अन्यथा’ देता येते. इंग्लंडमधले सगळे गृहशिक्षण त्या ‘किंवा अन्यथा’ या दोन शब्दांवर उभे आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळण्याची सक्ती नाही, पालकाला शिक्षकाची पदवी लागत नाही, शाळेसारखे वेळापत्रक लागत नाही. शिक्षण खात्याच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच आहे. शिक्षण अधिकाऱ्यांना घरात येण्याचा आपसूक अधिकार नाही, आणि त्यांच्या अनौपचारिक पत्राला उत्तर देण्याची कायदेशीर सक्तीही नाही.

उरलेले अर्धे मात्र त्यांच्या लक्षात आलेले नाही. १९८० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने असे म्हटले होते, की उत्तर देणे पालकांवर बंधनकारक नसले तरी देणे शहाणपणाचे आहे, कारण पालक गप्प राहिले तर त्यांच्या मौनाचा काय अर्थ लावायचा याचा विचार शिक्षण विभागाला करावाच लागतो. योग्य शिक्षण मिळत नसल्याचे कौन्सिलला ‘दिसले’, तर एज्युकेशन ॲक्टच्या कलम ४३७ खाली नोटीस येते, तिला उत्तर देण्यासाठी किमान १५ दिवस मिळतात, आणि तेवढ्यात समाधान झाले नाही तर मुलांना नेमक्या शाळेत घालण्याचा आदेश निघू शकतो. सोशल वर्करच्या बाबतीत मौन याहून महाग पडते. कलम १७ ला नकार देणे हा आपला हक्क आहे, परंतु ‘मुले एकटी असतात’ ही तक्रार अनुत्तरित राहिली, तर तो नकारच कलम ४७ कडे जाण्याचे कारण ठरू शकतो. म्हणून पहिल्या दिवशी ज्यांना परत पाठवलेत त्यांना आज दोन ओळींचा ईमेल करावा, की त्या वेळी मी कामाच्या मीटिंगमध्ये होते आणि गोंधळले होते, अमुक तीन वेळांपैकी कोणतीही आपल्याला सोयीची असेल तर भेटू. आपले चुकले असे वाटत असेल तर तेही लिहावे, त्याने काही बिघडत नाही.

आता पत्राच्या शेवटाकडे आपण जरा दबकत लिहिलेल्या वाक्याकडे वळतो, कारण सगळ्या प्रकरणाची गाठ तिथे आहे. मंगळवार आणि गुरुवारचे ते सव्वादोन तास. मूल घरात एकटे ठेवण्याचे किमान वय इंग्लंडच्या कायद्यात दिलेले नाही. परंतु १९३३ च्या चिल्ड्रेन अँड यंग पर्सन्स ॲक्टप्रमाणे मुलाला विनाकारण त्रास होईल किंवा त्याच्या आरोग्याला धोका पोहोचेल अशा रीतीने सोडून जाणे हा गुन्हा ठरू शकतो, आणि मुलांच्या संरक्षणासाठी काम करणारी एनएसपीसीसी ही संस्था सांगते, की १२ वर्षांखालील मुले दीर्घ काळ एकटी राहण्याइतकी प्रगल्भ क्वचितच असतात. आपला मुलगा ११ चा आहे, आणि तो नुसता एकटा नाही, ८ वर्षांच्या बहिणीची जबाबदारी त्याच्यावर आहे. तोही शाळेच्या त्रासातून नुकता सावरणारा मुलगा. कौन्सिलला कोणी कळवले याचा विचार सोडून द्यावा, कारण या एका मुद्द्यावर कळवणाऱ्याची काळजी रास्त होती असे माझे मत आहे. ते सव्वादोन तास पुढच्या मंगळवारच्या आत भरून काढा. असेसमेंट संपण्याची वाट पाहू नका, कारण अहवालात ‘पालकांनी स्वतःहून ताबडतोब बदल केला’ हे वाक्य येणे आणि ‘सूचना दिल्यावर बदल केला’ हे वाक्य येणे यांत मोठा फरक आहे.

यासाठी नोकरी सोडण्याची गरज मला दिसत नाही. ६ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये कोणत्याही कर्मचाऱ्याला पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा किंवा जागा बदलून मागता येतात. वर्षात असे दोन अर्ज करता येतात, मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, नकार देण्याआधी आपल्याशी चर्चा करावी लागते, आणि कायद्यात दिलेल्या आठ व्यावसायिक कारणांपैकी एखादे दाखवावे लागते. ऑफिसच्या दोन दुपारी पतींच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवसांवर नेता येतील का, किंवा दुपारऐवजी तीन ते सहा अशा करता येतील का, एवढीच नेमकी मागणी करावी. नेमकी मागणी मान्य करणे वरिष्ठांनाही सोपे जाते. अर्जात सोशल सर्व्हिसेसचा उल्लेख करण्याचे कारण नाही. निर्णय येईपर्यंत त्या दोन दुपारी ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे नोंदणी असलेली चाइल्डमाइंडर (मुले सांभाळणारी बाई) मिळते का पाहावे. पती-पत्नी दोघेही किमान मर्यादेइतके कमावत असतील तर टॅक्स-फ्री चाइल्डकेअर या सरकारी योजनेत आपण भरलेल्या प्रत्येक ८ पौंडांमागे सरकार २ पौंड घालते, एका मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत. ही सवलत मूल ११ वर्षांचे झाल्यानंतरच्या सप्टेंबरला थांबते, म्हणून मुलीसाठी ती नक्की पाहावी आणि मुलासाठी तारीख तपासून घ्यावी. पाहुणे म्हणून आलेल्या आजी-आजोबांवर ही व्यवस्था उभी करू नये. ते परत गेले की तीच फट पुन्हा उघडी पडते, आणि सोशल वर्करही नेमके तेच विचारतील.

घरून करण्याच्या कामाचा प्रश्न निराळा आहे. आपण हजर असता, पण हाताशी नसता. ‘मी काम करता करता शिकवते’ असे कृपया अहवालात लिहू नका. हिशेबाचे काम करणाऱ्या बाईला एका डोळ्याने ताळेबंद आणि दुसऱ्या डोळ्याने भागाकार जमतो, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. खरे आहे तेच लिहा, आणि खरे आहे ते पुरेसे आहे. सरकारी शाळा वर्षाला १९० दिवस, रोज साडेचार-पाच तास शिकवतात हे खरे, परंतु तीस मुलांच्या वर्गातले तास आणि दोन मुलांजवळ बसून घालवलेले तास यांची तुलना होत नाही, आणि २०१९ च्या सूचनाही घरच्या शिक्षणाला ते माप लावत नाहीत. सकाळी साडेसात ते साडेनऊ आपण, दुपारी तीननंतर पती, शनिवारी सकाळी दोघे, आणि मधल्या वेळेत मुलांनी स्वतः करायचे वाचन, चित्रकला, संगणकावरचे धडे, अशी आठवड्याची मांडणी सहज उभी राहते. पती इंग्रजीत कच्चे आहेत म्हणून शिकवत नाहीत, असे बहुतेक घरांत ऐकू येते. गोदामात रोज मोजमाप, वजन आणि वेळेचे गणित करणारा माणूस ११ वर्षांच्या मुलाला अंकगणित शिकवू शकतो, आणि ते त्याने मराठीत शिकवले म्हणून कमी दर्जाचे होत नाही.

या मांडणीचा एक कागद तयार करा. त्यात सोमवार ते रविवार, तासागणिक, तीन गोष्टी असाव्यात : मुले काय करत आहेत, त्यांच्याजवळ कोण आहे, आणि ते माणूस त्या वेळी नोकरीच्या कामात आहे का. मीटिंगच्या वेळी दार कोणी उघडायचे, किंवा मुळीच उघडायचे नाही, हेही त्यात लिहा. हा एकच कागद दोन्ही विभागांना चालतो. शिक्षणाच्या अहवालासोबत मात्र आणखी दोन-तीन पाने लागतील : प्रत्येक मुलाचे आज काय चालू आहे, सहा महिन्यांपूर्वी काय येत नव्हते, कोणती साधने वापरता, इतर मुलांशी भेट कुठे होते, आणि तारखा घातलेल्या कामाचे चार-पाच नमुने. मुलगा गणितात मागे असेल तर तसे लिहून त्यावर काय करता तेही लिहा. हसऱ्या छायाचित्रांची वही अधिकाऱ्यांना फारसे काही सांगत नाही. चुका खोडून पुन्हा सोडवलेले उदाहरण पुष्कळ सांगते. मुलाच्या शाळेतल्या छळाची जुनी पत्रे, डॉक्टरांच्या भेटींची नोंद आणि आजची त्याची तब्येत हा भाग शिक्षणाच्या अहवालात एका परिच्छेदात आणि सोशल वर्करसाठी सविस्तर असावा, कारण आपण मुलांना शाळेतून का काढले याचे उत्तर दिले नाही, तर ते दुसरे कोणीतरी आपल्यासाठी लिहील.

भेटीविषयी थोडेसे. सोशल वर्कर मुलांशी एकट्याने बोलू इच्छितील. बोलू द्यावे, आणि आदल्या रात्री मुलांकडून उत्तरे पाठ करून घेऊ नयेत. पढवलेले मूल एका वाक्यात ओळखू येते आणि मग खऱ्या उत्तरांवरही संशय येतो. आपल्याला किंवा पतींना इंग्रजीत बारकावे मांडणे अवघड जात असेल तर मराठी दुभाषी मागावा, दुभाष्याचे काम मुलाला कधीही देऊ नये. भेटीनंतर त्याच संध्याकाळी ‘आज आपले असे बोलणे झाले’ असा छोटा ईमेल पाठवावा. असेसमेंटची प्रत मागून घ्यावी आणि त्यात वस्तुस्थितीची चूक असेल तर ती लेखी कळवून फाईलला जोडायला सांगावी. फाईलमधली आपली माहिती पाहण्याचा अर्जही करता येतो आणि त्याला साधारण एका महिन्यात उत्तर मिळायला हवे, अर्थात कळवणाऱ्याचे नाव त्यातून सहसा उघड होत नाही. वागणूक अन्यायाची वाटली तर कौन्सिलच्या तक्रार विभागाकडे आणि तिथे समाधान न झाल्यास लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओंबड्समन या स्वतंत्र तक्रार निवारण यंत्रणेकडे जाता येते. कुटुंबांना या प्रक्रियेत सल्ला देणारी ‘फॅमिली राइट्स ग्रुप’ आणि गृहशिक्षणासाठी १९७७ पासून काम करणारी ‘एज्युकेशन अदरवाइज’ या दोन्ही संस्थांशी आताच बोलून ठेवावे.

पुन्हा शाळेत घालण्याचा प्रश्न राहिला. तो मुलाच्या प्रकृतीवर ठरवावा, सोशल वर्करच्या भेटीवर नव्हे. मुलीला शाळेत त्रास नव्हता असे आपल्या पत्रावरून वाटते. तिलाही घरीच का ठेवले, हे आपण दोघांनी एकदा स्वतःला विचारावे, कारण भेटीत तो प्रश्न येईल.

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी चाइल्ड प्रोटेक्शन प्लॅनखाली (कौन्सिलच्या संरक्षण आराखड्याखाली) आहे. मी बसचालक आहे, एकटाच तिला सांभाळतो. शाळा आणि सोशल वर्कर दोघांच्या बैठकांना वैतागून तिला शाळेतून काढून घरी शिकवावे असे मनात आहे. चालेल का?
— एक वडील, लंडन

उत्तर : आत्ता काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आजवर साध्या शाळेतून नाव काढण्यासाठी पालकाची लेखी सूचना पुरत होती. विशेष शाळांना मात्र कौन्सिलची संमती लागत आलेली आहे. २०२३ मध्ये सरे परगण्यातील वोकिंग येथे सारा शरीफ या १० वर्षांच्या मुलीचा तिच्या वडिलांनी आणि सावत्र आईने खून केला. त्याआधी काही महिने तिला घरी शिकवण्याचे कारण देऊन शाळेतून काढले होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्या दोघांना दोषी ठरवण्यात आले आणि त्याच महिन्यात चिल्ड्रेन्स वेलबीइंग अँड स्कूल्स विधेयक संसदेत मांडले गेले. कलम ४७ ची चौकशी किंवा प्रोटेक्शन प्लॅन चालू असलेल्या मुलाला शाळेतून काढण्यास कौन्सिलची संमती आवश्यक करणे, आणि शाळेत न जाणाऱ्या मुलांची नोंदवही ठेवणे, या त्यातील तरतुदी आहेत. नाव काढण्याचे पत्र लिहिण्यापूर्वी त्यातील काय लागू झाले आहे हे वकिलाकडून किंवा सल्ला संस्थेकडून तपासून घ्यावे.

कायदा बाजूला ठेवला तरी, प्लॅनखालील मुलीला शाळेतून काढणे म्हणजे तिला रोज पाहणारी माणसे कमी करणे असा त्याचा अर्थ लावला जाईल, आपला हेतू काहीही असो. शिवाय आपण बसवर असताना १३ वर्षांची मुलगी दिवसभर एकटी राहील. बैठकांचा त्रास हीच अडचण असेल तर ती सोडवता येते. प्लॅन ठरल्यावर कोअर ग्रुपची, म्हणजे प्लॅन अमलात आणणाऱ्या गटाची, पहिली बैठक १० कामाच्या दिवसांत आणि पहिला आढावा तीन महिन्यांत होतो, नंतरचे आढावे जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या अंतराने. आपल्या पाळ्यांचे वेळापत्रक चार आठवडे आधी सोशल वर्करना देऊन बैठका सुट्टीच्या दिवशी किंवा व्हिडिओवर ठेवण्याची लेखी विनंती करा. मुलीलाच काही दिवस घरी शिकायचे असेल, तर अर्धवेळ शाळा आणि अर्धवेळ घर अशी सोय मुख्याध्यापकांच्या मर्जीने मिळू शकते. ही मागणी कोअर ग्रुपच्या बैठकीतच सर्वांसमोर मांडावी.

प्रश्न : आमच्या ओळखीच्या चार घरांतील मिळून सात मुले घरी शिकतात. सगळ्याच आया नोकरी करतात, म्हणून एका निवृत्त शिक्षिकेला पगार देऊन रोज नऊ ते दोन एका घरी सगळ्यांना एकत्र बसवण्याचा विचार आहे. यात काही अडचण आहे का?
— एक आई, मिडलंड्स

उत्तर : मोठी अडचण आहे. शाळेच्या वयाच्या पाच किंवा अधिक मुलांना पूर्णवेळ शिक्षण देणारी कोणतीही जागा इंग्लंडमध्ये स्वतंत्र शाळा समजली जाते आणि तिची नोंदणी करावी लागते. नोंदणीविना ती चालवणे २००८ च्या एज्युकेशन अँड स्किल्स ॲक्टप्रमाणे गुन्हा आहे. मुलांपैकी एखाद्याचा विशेष गरजांचा आराखडा असेल, तर पाचऐवजी एका मुलालाही हा नियम लागू होतो. दिवसा आठवड्याला १८ तासांहून अधिक चालणारा वर्ग शिक्षण खाते सर्वसाधारणपणे पूर्णवेळ मानते. आपला बेत २५ तासांचा आहे. आठवड्यातून दोन सकाळी, तीन-तीन तास, असा एकत्र वर्ग आणि उरलेले शिक्षण आपापल्या घरी, असे केले तर हा प्रश्न उद्भवत नाही. शिक्षिकेची डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची पडताळणी) करून घ्यावी, आणि चार घरांपैकी एखाद्या घरी सोशल वर्करची भेट चालू असेल तर त्यांना या वर्गाविषयी पालकांनी स्वतः आधी सांगावे, त्यांना मुलांकडून कळू देऊ नये. स्कॉटलंडमध्ये नातेवाईक असतील तर त्यांना हा स्तंभ जसाच्या तसा पाठवू नका, कारण तिथल्या सरकारी शाळेतून मूल काढायला मुळातच कौन्सिलची परवानगी लागते.